१३१७ सालचं पुस्तक : 'मराठवाडा कपाटा'च्या कामाच्या नोंदी

सोमवार, १६ जून २०२५

सत्र सुरू झालं. प्राचार्य सरांनी सकाळीच बोलावलं. नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची तयारी आहे, तेव्हा आमच्या ग्रंथालयातलं 'मराठवाडा कपाट' दिवाळीच्या आत डिजिटल झालं पाहिजे. किती पानं आहेत हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

दुपारी शिपाईमामांना घेऊन कपाट उघडलं. म्हणायला कपाट एक, आहेत तीन. वरच्या कप्प्यात निजामाच्या काळातले छापील कायदे नि पत्रकं. त्याखाली मुक्तिसंग्रामाच्या आठवणी. मग स्मरणिका : शाळांच्या, साखर कारखान्यांच्या, संमेलनांच्या, एक तर जनावरांच्या प्रदर्शनाची. मग आमच्या तालुक्यातून निघणाऱ्या साप्ताहिकाचे १९६८ ते १९८१ चे बांधीव खंड. सगळ्यात खाली आमच्या प्राध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे एम.फिल.चे प्रबंध. संध्याकाळपर्यंत ६१२ नग मोजले. पानं सत्तर हजारांच्या पुढे जातील. मोजता मोजता मामांचा नि माझा, दोघांचाही आवाज धुळीने बसला.

हाताशी काय आहे : वरून फोटो काढणारा एक स्कॅनर, एक लॅपटॉप, जुन्या डेस्कटॉपवर बसवलेलं 'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, आणि 'कमवा व शिका'मधून मिळालेला संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचा एक पोरगा. तो तासाच्या हिशेबाने येणार.

बुधवार, १८ जून

स्कॅनिंग जुन्यापासून सुरू करावं म्हणून कोहात सगळ्या नोंदी छपाईच्या सालाप्रमाणे लावल्या. पहिलं पुस्तक आलं : हैद्राबाद जमीन महसूल कायदा, मराठी, टीपांसह. प्रकाशन वर्ष १३१७.

ज्ञानेश्वर माउलींची समाधी १२९६ ची. म्हणजे त्यानंतर एकवीस वर्षांनी आमच्या भागात महसूल कायद्याचं पुस्तक छापून तयार होतं. पोरगा हसला. मला हसू आलं नाही, कारण हा कॅटलॉग गेली बारा वर्षं ओपॅकवर, म्हणजे वाचकांनी पुस्तकं शोधायच्या संगणकीय यादीवर, लोकांसमोर आहे.

पुस्तक काढून पाहिलं. १३१७ हे कायद्याचं साल, तेही फसली. शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात 'माहे तीर सन १३४५' असं आहे. छपाईचं साल ते. २०१३ मध्ये ज्या कंपनीला डेटा एंट्रीचं काम दिलं होतं, तिच्या माणसाने मुखपृष्ठावर दिसला तो चार आकडी अंक उचलला आणि पुढे गेला. नोंदीमागे पैसे होते, त्याचं तरी काय चुकलं.

पोराने १३४५ गुगलवर टाकून 'हिजरी १३४५, म्हणजे १९२६' असं काढलं. तेही चूक. उर्दूचे निवृत्त सर वर्तमानपत्र वाचायला रोज येतात, त्यांना दाखवलं. "बेटा, तीर हा हिजरी महिना नाही. हे फसली." मग त्यांनी आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे बाराच्या बारा महिने एका दमात म्हणून दाखवले, आपण चैत्र-वैशाख म्हणतो तसे. फसल म्हणजे पीक, साल महसुलाचं. हैद्राबाद संस्थानात ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूरच्या पहिल्या तारखेला बदलायचं. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. तीर हा मे-जूनच्या सुमाराला येतो. १३४५ अधिक ५९१, म्हणजे १९३६.

नोंद दुरुस्त केली. कॅटलॉगमधल्या प्रकाशनाच्या, म्हणजे २६४ क्रमांकाच्या रकान्यात छापलंय तसं 'तीर १३४५ फ.' आणि कंसात १९३६. पुस्तकावरचं साल खोडायचं नाही, शेजारी आपलं लिहायचं.

शुक्रवार, २० जून

जागेचा हिशेब केला. ए-फोर पान ४०० डीपीआयवर करड्या रंगात घेतलं तर दाबण्याआधी साधारण साडेपंधरा एमबी भरतं. रंगीत घेतलं तर तिप्पट. सत्तर हजार पानं करडी घेतली तरी एक टीबीच्या वर जागा लागते, आणि प्रत एक ठेवून भागत नाही. ठरवलं : मूळ टिफ दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, वाचायला पीडीएफ. तिसरी प्रत गावाबाहेर कुठेतरी ठेवायची. कुठे ते अजून ठरलं नाही.

आज १४० पानं झाली. त्यातल्या अकरांवर मामांचा अंगठा आला.

"मामा, अंगठा बाजूला घ्या."
"मॅडम, मी सोडलं की पान उडायलंय. पंखा बंद करा म्हणलं तर जीव जायलाय."

दोघांचंही बरोबर. काच मागवली.

मंगळवार, २४ जून

आज मोठं गाठोडं सुटलं, आणि आत साप निघाला.

२०१३ चा डेटा युनिकोडमध्ये नव्हताच. त्या वेळी सगळीकडे चालायचे तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. पडद्यावर मराठी दिसायची, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी असायची. २०१९ मध्ये कोहा बसवलं तेव्हा कुणीतरी कन्व्हर्टर चालवून ती युनिकोडमध्ये आणली. कसा कन्व्हर्टर होता ते आता दिसतंय. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टरने ही उलटापालट केली नाही. म्हणून आमच्या कॅटलॉगमध्ये 'कार्यक्रम' नाही, 'कायर्क्रम' आहे. 'वर्ष' नाही, 'वषर्' आहे. 'विद्यापीठ'ची वेलांटी दाराबाहेर उभी.

अशी मराठी आपण सगळ्यांनीच सरकारी संकेतस्थळांवर नि परिपत्रकांत पाहिलेली आहे. डोळा आपोआप दुरुस्त करून वाचतो, म्हणून सहा वर्षांत कुणी तक्रार केली नाही. शोधपेटीला डोळा नसतो. 'कार्य' शोधलं की ती शून्य दाखवते, आणि विद्यार्थी समजतो की ग्रंथालयात पुस्तक नाही.

मंगळवार, १ जुलै

पोराने पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली : व्यंजनानंतर रफार दिसला की तो त्या व्यंजनाच्या आधी न्यायचा. रात्री चालवली. सकाळी येऊन पाहिलं तर 'वषर्' सगळे 'वर्ष' झालेले. छान. पण २०१९ नंतर मी स्वतः नीट युनिकोडमध्ये टाइप केलेल्या नोंदींतले 'वर्ष' होते, त्यांचे 'र्वष' झालेले. माझ्याच हातच्या चारशेवर नोंदी.

बॅकअप होता. तो मी घेतला होता. पोराला फार बोलले नाही, त्याच्या वयात मी सबंध याद्या उडवल्या आहेत. आता स्क्रिप्ट आधी नोंदीची तारीख बघते आणि २०१९ नंतरच्या नोंदीला हात लावत नाही. तरी शेवटी प्रत्येक मथळा माणसाने वाचायचाच, असं ठरलं. रोज साठ.

गुरुवार, ३ जुलै

लाईट ११ ते ४ नव्हती. मथळे कागदावर छापून वाचले.

सोमवार, ७ जुलै

काल आषाढी. आज वाचनकक्ष निम्मा रिकामा.

एक प्राध्यापक त्यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा साम्य-अहवाल (प्रबंधात दुसऱ्याचं लेखन किती उचललंय त्याचा) घेऊन आले, खूष होते. शून्य टक्के. २०१८ च्या यूजीसीच्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत चालतं, यांचं तर शून्य. पीडीएफ उघडून एक ओळ निवडली, कॉपी केली, नोटपॅडमध्ये चिकटवली. मराठीचं एक अक्षर नाही, नुसती चिन्हं. प्रबंध त्याच जुन्या फॉन्टमध्ये. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तीनशे पानांची चिन्हं वाचली आणि जगात असं कुणीच लिहिलेलं नाही असा निर्वाळा दिला. खरंच आहे ते.

सर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "पण अहवाल तर शून्यच आहे ना?"

सोमवार, १४ जुलै

ओसीआरची, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर करण्याची परीक्षा. टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मूळ एचपीच्या प्रयोगशाळेतलं, पुढे गुगलने वाढवलेलं. मराठीचं प्रशिक्षण त्याला आहे. तीन नमुने दिले.

पहिला, १९८६ ची ऑफसेटवर छापलेली स्मरणिका. उत्तम. चुका बोटावर मोजण्याइतक्या.

दुसरा, १९७२ च्या साप्ताहिकाचं पान, खिळ्यांवर छापलेलं. इथे घ चा ध, भ चा म. झिजलेल्या खिळ्याची शिरोरेषा तुटली की एका शब्दाचे दोन. आणि एक गंमत, म्हणजे गंमत नाही : जुन्या कागदावर तपकिरी ठिपके पडतात ना, ते नेमके अक्षराच्या डोक्यावर असले की यंत्र त्यांना अनुस्वार समजतं. उलट कसरीने जिथे पान खाल्लं तिथे वेलांटी गेली. एका बातमीत 'मजूर' हा शब्द पाच प्रकारांनी आला.

तिसरा, १९४८ च्या आसपासची पुस्तिका. यात यंत्राने फार चुका केल्या नाहीत, छापलं होतं तसंच वाचलं. पंचाईत तीच. पुस्तिकेत 'अितिहास' आहे, 'अुपाय' आहे, सावरकरी लिपिसुधारणेतल्या अ च्या बाराखडीने छापलेलं. शिवाय 'कांहीं', 'नांव', 'पुस्तकें'. हे डोक्यावरचे न उच्चारायचे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी गेले. आजचा विद्यार्थी 'इतिहास' शोधणार, यंत्र 'अितिहास' धरून बसणार, आणि दोघंही शुद्ध.

निर्णय : सत्तर हजार पानांचं ओसीआर दुरुस्त करत बसायचं नाही. ते जसं येईल तसं पीडीएफच्या मागे ठेवायचं, लागलं तर लागलं. त्याऐवजी प्रत्येक नगाला चार गोष्टी हाताने, आजच्या लेखनात द्यायच्या : विषय, माणसं, गावं, साल. साप्ताहिकाच्या बाबतीत अंकागणिक. हे प्राचार्य सरांना कसं सांगायचं ते बघू. त्यांना रोजची स्कॅन झालेली पानं किती एवढं हवं असतं, आणि माझा वेळ ज्यात जाणार ते त्या आकड्यात दिसणारच नाही.

मंगळवार, २२ जुलै

नांदेडहून, विद्यापीठाच्या विभागातून एक संशोधक विद्यार्थिनी आली. विषय १९७२ च्या दुष्काळातली कामं : खडी फोडणं, पाझर तलाव, सुकडीचं वाटप, रोजगार हमीची सुरुवात. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत काय आलं ते तिच्याकडे आहे. आमच्या तालुक्याच्या कामांवर कोण माणसं होती, मुकादम कसे वागले, मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) खाऊन लोकांचं काय झालं, हे तिला हवंय. ते असलं तर साप्ताहिकातच.

बोलता बोलता म्हणाली, "शोधगंगेवर बघितलं मॅडम, काही नाही." शोधगंगा हे देशभरातल्या प्रबंधांचं संकेतस्थळ, तिथे मुख्यतः पीएच.डी.चे प्रबंध, ते ज्या विद्यापीठांनी जेवढे चढवले तेवढे. आमच्या खालच्या कप्प्यातला एम.फिल. तिथे कसा असेल? सरकारने या वर्षापासून 'एक राष्ट्र एक सदस्यता' सुरू केली, तेरा हजारांच्या घरातली जगभरातली नियतकालिकं सरकारी विद्यापीठांत उघडतात. तिलाही उघडतात. आपल्याच जिल्ह्यातलं साप्ताहिक वाचायला मात्र ती एसटीने आली.

ओपॅकवर तिने 'शेतकऱ्यांचे' असं टाइप केलं. शून्य. मी माझ्या टेबलवरून तेच टाइप केलं. चौदा. दोघींनी एकमेकींचे पडदे पाहिले, अक्षरं हुबेहूब तीच. पोराला बोलावलं. तासाभराने त्याने सांगितलं की 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, मराठीच्या खास ऱ ला हलन्त देऊन. दुसरा, साध्या र ला हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक देऊन. दिसायला काडीचा फरक नाही, आत आकडे वेगळे. तिचा मोबाइल एक लिहितो, माझा कळफलक दुसरं. 'ॲड.' चंही तसंच, एक ॲ अखंड, दुसरा अ वर चंद्र ठेवलेला. आमच्या कपाटात निम्मे लेखक वकील!

म्हणजे शेतकरी शोधायला आलेल्याला मराठवाड्यात शेतकरी सापडत नव्हता.

उपाय पोरानेच काढला. साठवताना सगळे एका रूपात आणायचे, आणि शोधातही आधी तेच करायचं. शिवाय कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रातली आयसीयूची, म्हणजे युनिकोड नीट हाताळायची सोय चालूच केलेली नव्हती, ती केली. त्याशिवाय देवनागरीचा शोध नीट चालत नाही, हे बसवणाऱ्याने सांगायला हवं होतं. आता शोध घेतला तर दोघींच्याही पडद्यांवर एकतीस.

सोमवार, ४ ऑगस्ट

हक्कांची यादी. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. म्हणजे १९६४ पर्यंत गेलेल्यांचं लेखन आता मोकळं. बिननावाच्या लेखनाला छापल्यापासून साठ वर्षं, तेव्हा साप्ताहिकातल्या १९७२ च्या बिननावाच्या बातम्या २०३२ संपेपर्यंत बांधलेल्या. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या प्रतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. ठेवता येते, जगाला वाटता येते असं नाही. महाविद्यालयाचं ग्रंथालय त्या 'सार्वजनिक'मध्ये बसतं का, यावर आमच्या विधीच्या प्राध्यापकांनी "बसायला हवं" असं उत्तर दिलं. वकील लोकांचं हेच असतं.

तूर्त : साप्ताहिक फक्त वाचनकक्षातल्या संगणकावर. संपादकांच्या मुलाचं गावात झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना पत्र दिलं, परवानगी मिळाली तर बाहेर खुलं करू. ते म्हणाले, "अण्णांचा पेपर कुणी वाचायलंय, हेच लई झालं." लेखी द्या म्हटलं. देतो म्हणाले.

मंगळवार, १२ ऑगस्ट

ग्रंथपाल दिन. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या तसबिरीला हार, दोन भाषणं, एक पेढा. त्यांचा चौथा सिद्धान्त वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. कार्यक्रम दीड तास चालला.

मंगळवार, १९ ऑगस्ट

हे लिहायला नको वाटतंय, पण नोंदवही त्यासाठीच आहे.

फसलीचा घोळ निस्तरल्यावर मी शके सालांकडे वळले होते. जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतं, बहुतेक महिन्यांसाठी ७८ मिळवले की इसवी सन. शके १८७० म्हणजे १९४८. आता बघा, १३१७ हे साल कॅटलॉगमध्ये आलं तर ते ओरडून सांगतं की मी चूक आहे. १८७० ओरडत नाही. १८७० मध्ये मराठी पुस्तकं छापली जातच होती. अशा नोंदी शोधायचा एकच मार्ग, पुस्तक हातात घेऊन पहिलं पान बघायचं. सत्तावीस सापडल्या. त्यातली एक मुक्तिसंग्रामातल्या एका सरहद्द कॅम्पच्या आठवणींची पुस्तिका, चैत्र शके १८७०. कॅटलॉगमध्ये १८७०. या लढ्याचं एवढं जुनं पुस्तक निघणारच नाही.

आज खालच्या कप्प्यातले एम.फिल.चे प्रबंध स्कॅनला काढले. त्यातल्या एकाची, २०१६ च्या, संदर्भसूची सहज चाळली. तीच पुस्तिका. प्रकाशन वर्ष १८७०. आणि तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य : 'या विषयावरील लेखनाची परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाते.'

ते वाक्य आमच्या कॅटलॉगने लिहिलंय.

संध्याकाळी त्या प्रबंधाच्या लेखकाला फोन केला. आता दुसऱ्या जिल्ह्यात शिकवतो, इथे असताना रोज ग्रंथालयात बसायचा. सगळं सांगितलं, चूक आमची आहे हे आधी सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांत. मग म्हणाला, "मॅडम, चूक तुमची कशी? मी पुस्तक काढलंच नव्हतं. ओपॅकवरनं यादी उतरवली होती." मग हसला, मीही हसले. फोन ठेवल्यावर दोघांनाही बरं वाटलं नसणार.

प्रबंध स्कॅन केला तसाच ठेवला. नोंदीत टीप घातली : संदर्भसूचीतील अमुक क्रमांकाचे साल शके आहे. त्याचं नाव टिपेत घातलं नाही, आमच्या ग्रंथालयाचं घातलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. मामा रजेवर, पोरगाही गावी. मी एकटीने गावांच्या नावांचं काम काढलं. शांतपणे होणारं काम आहे.

१९७२ च्या अंकात कळमनुरी 'परभणी जिल्हा'. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, त्याआधीचं बहुतेक सगळं औरंगाबाद नि उस्मानाबादेत मोडायचं. निजामाच्या काळातल्या कागदांत अंबाजोगाई नाही, मोमिनाबाद आहे. २०२३ नंतर औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव. जुन्या पुस्तकांत 'हैद्राबाद', नव्यांत 'हैदराबाद'.

प्रत्येक गावाला एक अधिकृत नाव द्यायचं आणि बाकीची नावं त्याच्याकडे वळवायची. कॅटलॉगच्या १५१ क्रमांकाच्या रकान्यात आजचं, ४५१ मध्ये जुनी सगळी. कुणी मोमिनाबाद टाकलं तरी अंबाजोगाईला पोहोचावं. कुठलं नाव खरं यावर भांडायची गरज पडत नाही, म्हणून हे रकाने मला फार आवडतात. दिवसभरात १०४ गावं झाली. संध्याकाळी शेजारच्यांनी पुरणपोळी आणून दिली.

बुधवार, ३ सप्टेंबर

काल सरकारचा हैदराबाद गॅझेटबद्दलचा, मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठीचा निर्णय आला. सकाळी ग्रंथालय उघडायच्या आत चार जण दारात. "मॅडम, गॅझेट आहे का?" आमच्याकडे नाही. एकाकडे आजोबांच्या नावाची खासरा पाहणीची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) नक्कल होती, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यावर साल वाचून द्या म्हणाला. फसली होतं. इसवी सन काढून कागदाच्या मागे पेन्सिलने लिहून दिलं. दिवसभरात असे नऊ. उर्दूच्या सरांना मी घरून बोलावून घेतलं, ते सहा वाजेपर्यंत बसले. चहा सोडून काही घेतलं नाही.

पोराने रात्री मोबाइलवर चालणारं एक छोटं पान बनवलं. फसली साल नि महिना टाका, इसवी सन येतं. शके सालाची पण सोय केलीय. या प्रकल्पात ते नव्हतं. प्रकल्पातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं तेच ठरेल असं दिसतंय.

गुरुवार, ११ सप्टेंबर

प्राचार्य सरांनी प्रगती विचारली. स्कॅन झालेली पानं २१ हजार. "दिवाळी आली मॅडम." मी त्यांना १८७० ची गोष्ट सांगितली. ते इतिहासाचे आहेत. बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले, मग म्हणाले, नॅकच्या अहवालात पानांऐवजी 'तपासलेल्या नोंदी' असा रकाना टाका. किती झाल्या? ३८८. टाका.

गुरुवार, १८ सप्टेंबर

काल मुक्तिसंग्राम दिन. ध्वजारोहणानंतर मुक्तिसंग्रामाच्या पुस्तिकांचं छोटं प्रदर्शन मांडलं. काचेखाली मूळ प्रती, शेजारी पडद्यावर स्कॅन. लोक पडद्यापाशी फार थांबले नाहीत, काचेपाशी थांबले. एका आजोबांनी काच उघडायला लावून पुस्तिका हातात घेतली आणि वास घेतला. मी काही बोलले नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

आठ दिवस पाऊस. जायकवाडीतून पाणी सोडलंय, गोदाकाठच्या गावांची मुलं आलेली नाहीत, मामाही दोन दिवस आले नाहीत. त्यांच्या शेतातलं सोयाबीन पाण्यात आहे. आज आले, विचारलं तर एवढंच म्हणाले, "जाऊ द्या की मॅडम, काम सांगा."

वाचनकक्षाच्या छताला ओल. साप्ताहिकाचे खंड तिसऱ्या कपाटातून काढून टेबलांवर मांडले, पानांमध्ये टीपकागद घातले. १९७३ च्या खंडाचा पुठ्ठा फुगलाय, आतली पानं वाचली. त्याचं स्कॅन ऑगस्टमध्येच झालेलं आहे. तिसरी हार्डडिस्क मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणात, याच छताखाली. नांदेडच्या विद्यार्थिनीला फोन करून विचारलं, तिच्या विभागात ठेवाल का. विचारून सांगते म्हणाली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

विभागाने हो म्हटलं. डिस्क घ्यायला ती स्वतः आली, रस्ता चालू झाला म्हणून. संपादकांच्या मुलाचं परवानगीपत्रही काल मिळालं, दुकानाच्या लेटरहेडवर, खाली 'अण्णांच्या वतीने' अशी सही.

ती आलीच होती म्हणून वाचनकक्षात बसून 'मजूर' शोधलं. जुलैमध्ये दोन निकाल होते, आता त्रेचाळीस. त्यात १९७३ च्या मे महिन्यातला एक अंक : एका पाझर तलावाच्या कामावर पगार थकला म्हणून बायकांनी मुकादमाला दिवसभर झाडाखाली बसवून ठेवलं, ती बातमी. तिच्या गावापासून सात किलोमीटरवरचं काम. अकरा बायकांची नावं छापलेली. ती खुर्ची पुढे ओढून वाचायला लागली, मग थांबली. नवव्या नावापुढचं काही दिसत नव्हतं.

अंगठा.

खंड टेबलावरच वाळत होता. मूळ पान काढून तिला उरलेली दोन नावं वाचून दाखवली, तिने वहीत उतरवली. नोंदीत चारऐवजी आता पाचवी गोष्ट पण : बातमीत नावं असतील तर सगळी. हा अंक, पान ३, उद्या सकाळी लाईट असेपर्यंत पुन्हा स्कॅन करायचा. मामांना काच धरायला सांगायचं.